पिवळ्या गळ्याचं पाखरू

मेलेल्या पाखरांचं कपाट आमच्या घरात आलं तेव्हा मला नुकतेच दिवस गेले होते. घाबरायला तेवढं एक कारण पुरे होतं, पण माझा स्वभावच असा, की एक कारण मिळालं की मी त्याच्या सोबतीला आणखी चार गोळा करते. कपाटातल्या एकेका पाखराच्या पोटात कापूस भरलेला होता आणि कातडीला आतून सोमल चोळलेला होता. सोमल म्हणजे उंदरांना घालतात ते विष. हे मला आमच्या ह्यांनीच सांगितलं, आणि सांगितलं तेही कौतुकानं. "म्हणून तर कसर लागत न्हाई," ते म्हणाले. मी त्याच दिवशी पाण्याचा रांजण आणि पिठाचा डबा उचलून घराच्या दुसऱ्या टोकाला नेला.

आम्ही तेव्हा मोमिनाबादेत राहत होतो. अंबाजोगाईला निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणत. गावाबाहेर फौजेची छावणी होती आणि छावणीत एक गोरा कप्तान होता. त्याला पाखरं जमवायचा नाद. परळीच्या डोंगरापासून सिरसाळ्याच्या शिवारापर्यंत बंदूक घेऊन फिरायचा, पाखरू पाडायचा, सोलायचा, कापूस भरायचा, आणि कुठं मारलं त्याची चिठ्ठी पायाला बांधून खणात ठेवून द्यायचा. त्याची बदली झाली तेव्हा ते कपाट त्यानं सरकारी मदरशाला, म्हणजे शाळेला, देऊन टाकलं. मदरशाचे हेडमास्तर हैदराबादचे, हौशी गृहस्थ. त्यांनी लगेच मदरशात अजबखाना, म्हणजे संग्रहालय, उघडायचं ठरवलं. पण त्यासाठी धरलेल्या खोलीचं छत गळत होतं. तेव्हा छत दुरुस्त होईपर्यंत कपाट कुणाच्या तरी घरी ठेवायचं, आणि ते घर कुणाचं हे विचारायलाच नको. आमचे हे तिथं ड्रॉइंग मास्तर होते.

हे तेलगावच्या शेतकऱ्याच्या घरातले. त्या घरात शाळा शिकलेले पहिलेच. सासरे आणि थोरले दीर तिकडं कापूस पिकवत. सासरे एकदा आले असताना कपाटात डोकावून म्हणाले, "बरंय. आमी कापूस पिकवितो, तू पाखरात भर." पण मोमिनाबादेत ह्यांच्या नजरेला फार मान होता. लुगड्याच्या रंगावरून रंगारी आणि गिऱ्हाईक यांच्यात वाजलं की दोघंही लुगडं घेऊन आमच्या ओसरीवर हजर. हे लुगडं दारातल्या उजेडाला धरत आणि सांगत, "पदर निराळ्या हंड्यात बुडविलेला हाय." मग वाद मिटला. हेडमास्तर स्वतः जाड भिंगांचा चष्मा लावत आणि म्हणत, "आँख पायी तो मास्टर तुमने पायी. हम तो सिर्फ चश्मा पहनते हैं." हे ऐकून ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. दुसऱ्या कशाचा गर्व मी त्यांच्यात कधी पाहिला नाही, पण नजरेचा होता.

दूरच्या एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात पाखरांचे जाणकार एक साहेब होते. हेडमास्तरांनी कुठूनशी ओळख काढून ह्यांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू करून दिला. साहेबांनी एक जाडजूड पुस्तक वाचायला पाठवलं. त्यात हिंदुस्थानातल्या झाडून साऱ्या पाखरांची वर्णनं होती. झालं, शाळेतून आले की हे ओसरीवर बसत, खण पुढ्यात ओढत, कर्कटकानं पंख मोजत, चोच मोजत, मग माथ्यापासून शेपटीपर्यंत एकेक रंग लिहून काढत आणि पुस्तकाशी ताडून पाहत. सगळी पाखरं खणात उताणी निजवलेली असत. पाय एकावर एक बांधलेले, गळा आणि पोट वर, आणि डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस. तो कापूस मला बघवत नसे. पोटातल्या बाळाला काही दिसतं का, ह्याची मला त्या दिवसांत खरोखर चिंता वाटायची.

पावसाळ्यात सासूबाई तेलगावहून आमच्याकडं राहायला आल्या, माझं बाळंतपण उरकूनच जायचं म्हणून. मला फार आधार वाटला. त्या माझ्या अगदी उलट. कशाचीच काळजी नाही. सोमलाचं सांगितलं तर म्हणाल्या, "मग चाटू नको म्हंजी झालं."

ह्यांनी मोठ्या पाखरांपासून सुरुवात केली होती. गिधाड, घारी, तितर, पारवे असं करत करत दिवाळीनंतर सगळ्यात वरचा, चिमण्या पाखरांचा खण बाहेर निघाला. त्यातलं अगदी पहिलं पाखरू घेऊन हे बसले ते बसलेच. माथा राखी, पाठ मातकट, पोट पांढरं. आणि गळ्यावर पिवळा रंग. पुस्तकात राखी माथ्याची पुष्कळ होती, पिवळ्या गळ्याचीही होती, पण दोन्ही एकत्र असलेलं, एवढ्या पंखाचं आणि असल्या चोचीचं एकही नव्हतं. त्यांनी पानं पुढून मागं चाळली, मागून पुढं चाळली. मग मला हाक मारून म्हणाले, "ह्ये कुणीच लिहिलेलं न्हाई." त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं ताप चढला.

नवी जात आहे असं म्हणणं सोपं नसतं, हे मला तेव्हा कळलं. आधी जगातल्या साऱ्या जुन्या जाती एकेक करून नाकारायच्या, आणि तरी आपलं पाखरू उरलं, तर तोंड उघडायचं. ह्यांनी पाखराचं रंगीत चित्र काढलं, मापं लिहिली आणि साहेबांना पाठवलं. उत्तर यायला बरेच दिवस लागले. तेवढ्यात ह्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. आणि उत्तर आलं ते असं, की संग्रहालयात असलं एकही पाखरू नाही. चित्राबरहुकूम असेल तर ते नवीनच म्हणायचं. नीट वर्णन लिहून पाठवा, तुमच्या नावानं छापू, आणि पाखरूही पाठवा. पुढं जगात कुणाला असलं पाखरू सापडलं, तर ते तेच आहे का हे आमच्या ओसरीवरच्या ह्या चिमुकल्या देहाशी ताडून ठरणार होतं. नाव काय ठेवावं हेही साहेबांनी विचारलं होतं. ह्यांनी ठरवलं, आपल्या डोंगराचं, बालाघाटाचं नाव द्यायचं.

"माझं द्या की," मी म्हटलं.

"नको. तुझं नाव दिलं तर त्ये पाखरू दिसभर काळजीच करीत बसंल."

इतके आनंदात मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं. त्यांनी वर्णन इंग्रजीत लिहिलं, आणि मला कळावं म्हणून एका दुपारी ते मराठीत सांगू लागले. माथा राखी. डोळ्यामागं गडद छटा. पाठ मातकट तपकिरी. पोट पांढरं. "अन् गळा," ते म्हणाले, "हळदी पिवळा."

तो शब्द मला खटकला. का, ते मला लगेच उमगलं नाही. मी चित्र हातात घेतलं. ह्यांचं चित्र म्हणजे जसंच्या तसं. गळ्यावरचा पिवळा रंग वर गोल होता आणि खाली निमुळता होत डावीकडं कललेला होता. मी ती खूण रोज बघत होते. आमच्या उंबऱ्यावर होती, तुळशीच्या कट्ट्यावर होती, जात्यावर होती. सासूबाईंच्या करंगळीशेजारच्या बोटावर तरुणपणी विळा लागलेला, ते बोट वाकडं राहिलेलं, आणि त्या बोटानं त्या जिथं म्हणून हळद लावत तिथं ती अशीच डावीकडं कलत असे.

सासूबाई परसात तुरी निवडत बसल्या होत्या. मी जाऊन शेजारी बसले.

"आत्याबाई, खंडेनवमीला कपाटाची पूजा कुणी केली?"

"मीच की. कावून?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं पोटापाण्याच्या हत्यारांना पुजतात. शेतकरी नांगर-विळे पुजतो, सुतार करवत पुजतो. ह्यांची रंगांची पेटी आणि कुंचले मीच पाटावर मांडून दिले होते आणि मग मळमळतंय म्हणून आत जाऊन पडले होते. हे मदरशात गेलेले. पावसाची ओल जावी म्हणून कपाटाचे खण अंगणात उन्हाला ठेवलेले.

"नुसत्या कपाटाची केली?" मी विचारलं.

"कपाटाची, पेटीची, कुंचल्याची. अन् पाखरांची. तेलगावला नांगर पुजतेत, तसं ह्येचं हत्यार म्हंजी पाखरं. कपाटाला हळद लावायची अन् आतल्यांना न्हाई, ही कुठली रीत?"

"आणि कुंकू?"

"न्हाई बया. नर हाय का मादी हाय, काय ठाव? अन् मादी आसली तर सवाष्ण का रांडाव? बिनमालूम कुंकू लावून पाप कोण घेईल? हळद लावली नुसती. हळद समद्यांना चालती." मग जरा हसून म्हणाल्या, "कपाळ खाली दडलेलं, म्हणून नरड्याला लावली. पहिल्याला बोट भरून लागली. मग सुकत गेली. बाकीच्या खणांपाशी वाकायला गुडघे कुठं हायेत?"

"हात धुतले होते का हो मग?"

"मग काय, तसाच नैवेद्य केला?"

रागही आला आणि राग धरायला जागाही नव्हती. लेकाच्या पाखरांना त्या बिचारीनं आपल्या नांगराइतका मान दिला होता. मी उठले आणि ओसरीवर जाऊन, जड झालेल्या अंगानं धाडकन खाली बसून, ह्यांना सगळं सांगून टाकलं. मनात ठेवणं मला कधी जमलं नाही.

ह्यांनी खण उघडला, पाखरू हातात घेतलं, दाराशी उजेडात नेलं. पुष्कळ वेळ पाहत उभे राहिले. मग त्याच खणातली बाकीची पाखरं बघितली. बहुतेक काळी, तपकिरी, हिरवी. त्यांच्यावर हळद लागली काय आणि न लागली काय. पांढऱ्या गळ्याची आणखी दोन होती. त्यांच्यावर फिकट पिवळट झाक होती. ती ह्यांनी "मळलेला गळा" म्हणून लिहून टाकली होती.

"हळद लागली आसंल," ते शेवटी म्हणाले. "पर तिच्याखाली पिवळंच आसंल तर?"

हे खरं होतं. पिवळ्या गळ्याला हळद लागली तरी गळा पिवळाच. पिसाचं मूळ बघून काही कळत नव्हतं. मूळ बहुतेक साऱ्या पाखरांचं राखीच असतं. म्हणजे आशा धरायला जागा होती, आणि त्या जागेला आम्ही दोघंही घट्ट धरून बसलो.

पण खरं-खोटं करायचा उपाय आमच्या घरातच होता, आणि तो दोघांनाही ठाऊक होता. हळदीला चुना लागला की ती लाल होते. हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही आणि रंग कालवणाऱ्या माणसालाही नाही. फळीवर पानाचा डबा होता आणि डब्यात चुन्याची डबी होती. ह्यांना दोन्ही जेवणांनंतर पान लागायचं. त्या दिवसापासून त्यांनी पान खाणं सोडलं. सासूबाईंनी विचारलं, "कावून रे, पान न्हाई घेतलंस?" तर "नको वाटतंय" म्हणाले. मी जेवणानंतर डबा पुढं सरकवायचं बंद केलं. त्या डब्याकडं आम्ही दोघंही बघत नव्हतो.

अशात हेडमास्तर आले. येत्या जुम्म्याची नमाज झाली की ते हैदराबादेस निघणार होते. पाखरू ते स्वतः नेणार आणि तिथून नीट बांधून संग्रहालयाला रवाना करणार. त्यासाठी त्यांनी सुताराकडून एक छोटी शिसवी पेटी करवून आणली होती, आत मखमल. जिल्ह्याचे मोठे अधिकारी, बीडचे तालुकदारसाहेब, त्यांच्याही कानावर घातलं होतं म्हणे. "पूरे जिले का नाम होगा, मास्टर," ते म्हणाले आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारली. हे खाली मान घालून उभे. मी दाराआड पदराचं टोक पिळत होते. आता बोलतील, आता बोलतील असं वाटत होतं. पण हेडमास्तर पेटी ठेवून निघून गेले आणि हे त्या मखमलीवरून बोट फिरवत बसले.

पुढचे ते थोडेसे दिवस माझं एक ठरेना. सकाळी वाटायचं, ह्यांनी चुना लावून बघावं आणि एकदाचं संपवावं. दुपारपर्यंत वाटायचं, नको, तसंच जाऊ दे. इतक्या लांब कोण हळद ओळखतंय? मग मनात यायचं, साहेब ओळखणार नाहीत कशावरून? आणि ओळखली तर काय म्हणतील? बाजारात मुनिया पाखरं रंगवून विकतात, हिरव्या, पिवळ्या. लोक फसतात, घरी नेऊन पाणी घातलं की रंग उतरतो. साहेब म्हणतील, हा माणूस ड्रॉइंग मास्तर, घरात कुंचले, घरात रंग. ह्यानंच गळा रंगवला. खंडेनवमी आणि माझ्या सासूबाई त्यांना कोण समजावणार? ह्यांना लबाडच म्हणतील.

एकदा मी न राहवून बोललेच. "तुम्हांला काय वाटतं, पिवळं असेल खाली?"

"मला वाटून काय उपेग?" ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "छापून आलं, अन् त्ये खोटं निघालं, तर मागून येणारा दरेक माणूस ह्ये पाखरू हुडकीत बसंल. जे न्हाईच त्ये." एवढं बोलून ते शाळेत गेले. लबाड ठरायची भीती माझी होती. त्यांची भीती निराळीच होती, हे मला त्या दिवशी समजलं, आणि खरं सांगते, मला त्यांची थोडी चीडही आली. माणसानं आधी आपलं बघावं की नाही?

जुम्म्याच्या आदल्या दिवशी हे दुपारीच घरी आले. सासूबाई परसात पापड उन्हाला घालत होत्या. ह्यांनी ओसरीवर चटई टाकली, पाखरू काढलं, आणि मला म्हणाले, "पानाचा डबा आण." मी आणला.

रंग कालवायचा शिंपला त्यांनी घेतला, त्यात चुना पाण्यात पातळ केला. चिमट्यानं पाखराच्या गळ्यावरचं एकच पीस हळूच उपटलं. उपटताना जिवंत पाखराचं उपटावं तसे दात आवळले होते. मग ते पीस शिंपल्यात सोडलं.

ते लाल झालं. हळूहळू नाही, लगेचच झालं. विटकरी लाल.

मग ह्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि पाखराचा गळा वरून खाली पुसायला लागले, एकदा, पुन्हा, पुन्हा. बोळा पिवळा होत गेला आणि गळा पांढरा होत गेला. शेवटी उरला तो स्वच्छ, पांढराशुभ्र गळा. पुस्तक शेजारीच होतं. त्यांना पान शोधावंसुद्धा लागलं नाही. राखी माथा, मातकट पाठ, पांढरा गळा. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येतं, बाभळीच्या झुडपांत वावरतं, सगळीकडं मिळतं. आमच्या विहिरीवरच्या बाभळीत तर दिवाळीपासून असली पाखरं टकटक आवाज करत उड्या मारत होती. आम्ही त्यांना कधी नावही ठेवलं नव्हतं.

"त्ये बघ," हे म्हणाले आणि त्यांनी बाभळीकडं बोट केलं. मला रडू आलं. त्या पाखरांचा मला इतका संताप आला की धोंडा उचलून मारावासा वाटला.

तेवढ्यात गुडघ्यावर हात टेकत सासूबाई ओसरीवर आल्या. त्यांनी माझं तोंड बघितलं, शिंपला बघितला, पाखराचा पांढरा गळा बघितला. त्या शिकलेल्या नव्हत्या, पण खुळ्या मुळीच नव्हत्या. त्या दिवशी परसात मी काय काय विचारलं होतं ते त्यांना आठवलं असणार.

"काय झालं रे? पाखराचं काय झालं?"

"काई न्हाई माय. नवीन न्हाई म्हणून ठरलं. आपलं नेहमीचंच हाय."

त्या खाली बसल्या. आवाज एकदम बारीक झाला. "माझ्या हळदीनं बिघडलं का रे काही?"

पिवळा बोळा ह्यांच्या मुठीत होता. ती मूठ त्यांनी मांडीखाली घेतली.

"न्हाई गं. हळद कवाच झडून गेलती. माझीच नजर चुकली. पांढऱ्याला पिवळं म्हणून बसलो."

"तुझी नजर? तुझी नजर कशी चुकंल?"

"चुकायलीय आताशा," हे म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. असं पाहिलं, की मी, जिला पोटात काही ठेवता येत नाही ती, तोंड मिटून आत निघून गेले.

साहेबांना त्यांनी त्याच दिवशी खरं ते लिहिलं. हळद, खंडेनवमी, चुना, सगळं. मला वाचूनही दाखवलं. पण ते पत्र दूर जाणार होतं. गावात काय सांगायचं हा प्रश्न होता, कारण गावात सांगितलेलं परसातून फिरून सासूबाईंच्या कानी येणार. म्हणून हेडमास्तरांनाही ह्यांनी तेच सांगितलं, रंग ओळखण्यात आपली चूक झाली. हेडमास्तरांनी मखमलीची पेटी काखेत घेतली, आपला चष्मा काढून पुसला आणि हळू आवाजात म्हणाले, "उमर का तकाजा है मास्टर. चश्मा ले लो." ह्यांनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती.

तालुकदारसाहेबांपासून रंगारी आळीपर्यंत बातमी पसरायला वेळ लागला नाही. लुगडी घेऊन ओसरीवर येणारे लोक आधी कमी झाले आणि मग यायचे थांबले. पांढऱ्याला पिवळं म्हणणाऱ्याकडं रंगाचा न्याय मागायला कोण येईल? मी आतल्या आत नुसती जळत होते. माझं बाळंतपण झालं, मुलगा झाला, त्याचे डोळे ठीक आहेत हे मी सुइणीकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, आणि तरी ती जळजळ गेली नाही. एकदा सासूबाई नदीवर गेल्या असताना मी ह्यांच्यावर कडाडले. म्हटलं, खरं बोलायला काय होतंय? त्यांनी काही कुणाचा खून केलेला नाही. आईच आहेत तुमच्या, समजून घेतील.

हे पाळण्याची दोरी ओढत होते. "समजून घेईल," म्हणाले, "अन् मग माझ्या कशालाच हात लावणार न्हाई."

मी त्यानंतर तो विषय काढला नाही.

मुलाचा लळा लागला म्हणून सासूबाई तेलगावला परत गेल्याच नाहीत. सासरेच अधूनमधून येऊन भेटून जात. आणि लेकाची नजर अधू झाली हे सासूबाईंनी, कधी नाही ते, फार मनाला लावून घेतलं. कुणाकुणाला विचारून त्यांनी त्रिफळ्याचा इलाज शोधून काढला. भिजवलेल्या त्रिफळ्याचं पाणी मी सकाळी गाळून द्यायची. हे मदरशात जायच्या आधी पाटावर बसायचे, मान मागं टाकायचे, आणि सासूबाई ते पाणी त्यांच्या डोळ्यांवर शिंपडायच्या. ते पाणी झोंबतं. हे डोळे उघडे ठेवून बसायचे. त्या असेपर्यंत, वर्षानुवर्षं, एक दिवस चुकला नाही.

धुऊन झालं की सासूबाई पदरानं त्यांचं तोंड पुसून विचारायच्या, "आता दिसतंय का रे नीट?" आणि माळवदाच्या कठड्यावर एखादं पाखरू येऊन बसलेलं असलं, तर हे, ज्यांना त्या पाखराचं पीस न् पीस ठाऊक होतं, डोळे बारीक करून विचारायचे, "माय, त्ये काय बसलंय गं तिथं?"

सासूबाईंना तेव्हा दाराबाहेरचं धड दिसत नव्हतं. त्या कपाळावर हात धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "चिमणी हाय रे."

"हां," हे म्हणायचे. "चिमणीच हाय."